एका संख्येची २५९ वर्षं

आजच्या व्याख्यानात माणसं बरीच येतील, पण गोष्ट त्यांची नाही. गोष्ट एका संख्येची आहे. वही-पेन असेल तर ती लिहून घ्या, पुढे लागणार आहे.

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

एकवीस अंक आहेत. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ असं होतं. आता ही वाचायची कशी? लाख, कोटी, अब्ज इथपर्यंत आपली गाडी चालते. भास्कराचार्यांनी लीलावतीत एक, दश, शत यांपासून परार्धापर्यंत अठरा नावं दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली ही संख्या एक हजार चारशे पंच्याहत्तर परार्धांहून थोडी मोठी आहे. म्हणजे भास्कराचार्यांची यादी संपते, त्याच्याही बरीच पुढे ती बसली आहे.

एवढी मोठी संख्या मी कुठून आणली? बुद्धिबळाच्या पटाची ती जुनी गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची, आणि राजाचं कोठार रिकामं होतं. त्या पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरं असती, तर एकूण जेवढे दाणे लागले असते, बरोबर तेवढी ही संख्या आहे. गणिताच्या भाषेत २ चा ६७ वा घात वजा १. रोज असं लांबलचक म्हणायला नको, म्हणून आपण तिला 'मर्सेन ६७' म्हणू. हे नाव का, ते लगेच सांगतो.

या संख्येबद्दलचा प्रश्न शाळकरी आहे. ही मूळ संख्या आहे का? म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानं निःशेष भाग जातो का? या एका प्रश्नाचं उत्तर कागदावर स्वच्छ उतरायला २५९ वर्षं लागली. ती २५९ वर्षं कशी गेली, आणि त्या उत्तराचा तुमच्या-माझ्या बँकेतल्या पैशांशी काय संबंध, हे आज पाहायचं आहे.

प्रश्न मुळात पडला का?

सगळ्या संख्या सोडून 'दोनाचा घात वजा एक' अशाच संख्यांच्या मागे लोक का लागले? याचं मूळ युक्लिडमध्ये आहे. ग्रीकांना काही संख्या फार आवडायच्या. ६ घ्या. तिचे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. २८ घ्या. १, २, ४, ७, १४ यांची बेरीज २८. अशांना परिपूर्ण संख्या म्हणतात. पुढच्या दोन ४९६ आणि ८१२८.

युक्लिडनं आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात दाखवलं, की २ चा एखादा घात वजा १ ही जर मूळ संख्या निघाली, तर तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार करता येते. ३ पासून ६ मिळते, ७ पासून २८, ३१ पासून ४९६, १२७ पासून ८१२८. म्हणून परिपूर्ण संख्या शोधायच्या तर आधी या 'घात वजा एक' वाल्यांमधल्या मूळ संख्या शोधायला हव्यात.

यातली एक गोष्ट सोपी आहे. घातांक स्वतः संयुक्त असेल, तर संख्या हमखास मोडते. २ चा ४ था घात वजा १ म्हणजे १५, सहावा घात वजा १ म्हणजे ६३, नववा घात वजा १ म्हणजे ५११, आणि ५११ म्हणजे ७ गुणिले ७३. त्यामुळं घातांक मूळ असलेल्याच संख्या तपासायच्या. २, ३, ५, ७ या घातांकांना ३, ७, ३१, १२७ मिळतात, चारही मूळ. मग कुणालाही वाटेल की घातांक मूळ असला म्हणजे काम झालं. पण पुढच्याच पायरीवर पाय घसरतो. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. तेव्हा नियम काही नाही. प्रत्येक संख्या वेगळी तपासावी लागते.

मर्सेनची यादी

आता आपण सतराव्या शतकातल्या पॅरिसला जाऊ. तिथं मारँ मर्सेन नावाचा एक ख्रिस्ती साधू राहत होता, मिनिम पंथाचा. जन्म १५८८, मृत्यू १६४८. त्या काळी विज्ञानाची नियतकालिकं नव्हती, ती १६६५ मध्ये सुरू झाली. कुणी काय शोधलं हे पत्रांतूनच कळायचं, आणि या पत्रव्यवहाराचं मोठं ठाणं म्हणजे मर्सेनची मठातली खोली. देकार्त, फर्मा, हॉयगेन्स, सगळ्यांशी त्याचा पत्रव्यवहार. गॅलिलिओचं काम फ्रान्समध्ये पोचवण्यात त्याचा मोठा वाटा. एकाचा प्रश्न दुसऱ्याला कळवायचा, दुसऱ्याचं उत्तर तिसऱ्याला.

या मर्सेननं १६४४ साली छापलेल्या एका ग्रंथात एक विधान केलं. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरा घातांकांनाच मूळ संख्या मिळते. बाकी सगळ्या मोडतात. २५७ पर्यंत मूळ घातांक पंचावन्न आहेत. म्हणजे पंचावन्न संख्यांचा निकाल त्यानं एका दमात लावला. सिद्धता दिली नाही.

गंमत अशी, की त्याच ग्रंथात मर्सेन हेही म्हणतो, की पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळही पुरणार नाही. २५७ ची संख्या अठ्ठ्याहत्तर अंकी आहे. मग त्यानं यादी केली कशी? काहीतरी नमुना त्याला दिसला असावा आणि त्याच्या जोरावर त्यानं पुढचं मांडलं असावं.

पण नाव मोठं होतं. त्या काळी दुसऱ्या कुणाला हे तपासताही येत नव्हतं. म्हणून यादी टिकली. लोकांनी तिचा हवाला दिला, आणि या संख्यांना मर्सेनचंच नाव पडलं. आपली मर्सेन ६७ ही त्या यादीत 'मूळ' म्हणून नोंदली गेली होती.

फर्माची चाळणी

यादी तपासायचं पहिलं हत्यार खरं तर मर्सेनच्या हातात यादी छापण्याआधीच आलं होतं. १६४० साली पिएर द फर्मानं त्याला पत्रानं कळवलं होतं, की या संख्यांना कुठलाही ऐरागैरा अवयव चालत नाही. घातांक मूळ असेल, तर अवयव 'घातांकाच्या दुपटीच्या पटीत, अधिक एक' असाच असला पाहिजे.

हे करून पाहू. घातांक २३. त्याची दुप्पट ४६. अवयव असलाच तर ४७, ९३, १३९ असा असेल. पहिलाच ४७ घ्या. २ चा २३ वा घात वजा १ म्हणजे ८३,८८,६०७, आणि तिला ४७ नं भाग जातो. पहिल्या फटक्यात काम झालं. घातांक ३७ घ्या. दुप्पट ७४. उमेदवार ७५, १४९, २२३. यातला ७५ मूळच नाही, १४९ नं भाग जात नाही, २२३ नं जातो. आधीच्या काळात इटलीच्या कातालदीनं या दोन्ही संख्या मूळ म्हणून सांगितल्या होत्या. फर्मानं त्या दोन-तीन भागाकारांत निकालात काढल्या.

पुढे १७७२ मध्ये ऑयलरनं अशाच चाळण्या लावून २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही मूळ असल्याचं दाखवलं. तिथं ४६,३४० पर्यंतचेच उमेदवार पाहायचे होते, कारण वर्गमूळ तेवढंच आहे. त्यातले बहुतेक चाळणीतच गळाले.

मग हीच चाळणी मर्सेन ६७ ला लावून बघू. ६७ ची दुप्पट १३४. उमेदवार १३५, २६९, ४०३, ५३७ असे पुढे. आज आपल्याला उत्तर माहीत आहे, म्हणून सांगतो: खरा अवयव या रांगेत १४,४५,५८० व्या जागी उभा आहे. आठानं भागून बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे, अशी आणखी एक अट आहे, तिनं निम्मे गळतात. तरी सात लाखांवर उरतात. त्यांतले उघड संयुक्त काढून टाका, तरी हजारो शिल्लक राहतात. आणि हे सगळं हातानं, कागदावर. रांगेच्या शेवटी काही मिळेल याची खात्री नसताना.

म्हणून १७७२ नंतरही मर्सेन ६७ शंभर वर्षं तशीच पडून राहिली.

ल्यूकाचा निकाल

१८७६ मध्ये एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानं प्रश्नाला वेगळ्याच बाजूनं हात घातला. हाच ल्यूका पुढे 'हनोईचा मनोरा' या खेळामुळं घराघरांत पोचला. त्यानं काय केलं? अवयव शोधायचेच नाहीत. संख्येलाच एका परीक्षेला बसवायचं. पास झाली तर मूळ, नापास झाली तर संयुक्त.

या परीक्षेचं आजचं सोपं रूप १९३० मध्ये डेरिक लेहमर या अमेरिकी गणितज्ञानं दिलं. ते मी सांगतो, घरी जाऊन करून बघा. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि तपासायच्या संख्येनं भागून बाकी घ्यायची. त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. शून्य आलं नाही तर संयुक्त.

३१ वर करू. घातांक ५, म्हणून तीन वेळा. ४ चा वर्ग १६, वजा २, राहिले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. ३१ नं भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२. ३१ नं भागून बाकी शून्य. ३१ पास.

आता २०४७. घातांक ११, म्हणून नऊ वेळा. ४ पासून पायऱ्या अशा येतात: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, आणि शेवटी १७३६. शून्य नाही. तेव्हा २०४७ नापास, म्हणजे संयुक्त.

आता इथं जरा थांबा. १७३६ या आकड्याकडं बघा. यात २३ कुठं दिसतात? ८९ कुठं दिसतात? कुठंच नाही. परीक्षेनं सांगितलं की ही संख्या मोडते. कुठं मोडते, हे तिनं सांगितलं नाही. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

ल्यूकानं आपल्या पद्धतीनं २ चा १२७ वा घात वजा १ ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचं जाहीर केलं. संगणकाशिवाय, हातानं सिद्ध झालेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणून ओळखली जाते. आणि त्याच वर्षी त्यानं सांगितलं, की मर्सेन ६७ मूळ नाही. मर्सेनच्या यादीला पहिलं भगदाड पडलं, २३२ वर्षांनी.

पण यात एक मेख आहे. आज दिलेल्या रूपात मर्सेन ६७ ची परीक्षा घ्यायची तर पासष्ट पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला एकवीस अंकी संख्येचा वर्ग आणि मग एकवीस अंकी भागाकार. कुठंतरी एक हातचा चुकला तर काय होईल? शेवटी शून्य येणार नाही. आणि संख्या खरोखर संयुक्त असली तरीही शेवटी शून्य येणार नाही. म्हणजे 'नापास' हा निकाल आकडेमोडीच्या चुकीनंही लागतो आणि खरोखरीनंही लागतो. उलट 'पास' चा निकाल चुकून लागणं फार अवघड, कारण नेमकं शून्यच यावं लागतं. म्हणून १२७ च्या निकालापेक्षा ६७ च्या निकालावर विश्वास ठेवायला जास्त भरवसा लागत होता. भरवसा कुणावर? ल्यूकाच्या पेन्सिलीवर.

पूर्वी मर्सेनच्या शब्दावर भरवसा ठेवायचा होता, आता ल्यूकाच्या. प्रगती झाली होती, ल्यूकाकडं पद्धत होती, सिद्धांत होता. पण हातात धरून दाखवावं असं अजून काही नव्हतं.

३१ ऑक्टोबर १९०३

ती वस्तू न्यूयॉर्कमध्ये मिळाली. ३१ ऑक्टोबर १९०३, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. वक्ता फ्रँक नेल्सन कोल, कोलंबिया विद्यापीठातला प्राध्यापक आणि याच संस्थेचा सचिव. विषय: मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे.

प्रसिद्ध गोष्ट अशी आहे. कोल उठला, फळ्यापाशी गेला, आणि एक शब्दही न बोलता २ चा ६७ वा घात काढायला लागला. त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्यानं १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ असा गुणाकार मांडला आणि रीतीप्रमाणं, ओळीखाली ओळ लिहीत पुरा केला. दोन्ही बाजूंची उत्तरं सारखी आली. कोल तसाच जागेवर जाऊन बसला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि कुणी एकही प्रश्न विचारला नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून इथं विचारायला हवं, की हे आपल्याला कुणी सांगितलं? सांगितलं एरिक टेम्पल बेल यानं, १९५१ सालच्या पुस्तकात. म्हणजे घटनेनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. बेल हा कोलचाच विद्यार्थी, पण १९०३ मध्ये तो न्यूयॉर्कला नव्हता, कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला शिकत होता. शिवाय बेलला गोष्ट रंगवून सांगायची हौस होती, हे त्याची चरित्रं वाचणाऱ्यांना माहीत आहे. त्यानंच सांगितलं आहे, की १९११ मध्ये त्यानं कोलला विचारलं, याला वेळ किती लागला? कोल म्हणाला, तीन वर्षांचे रविवार.

तेव्हा अबोल भाषण, टाळ्या, रविवार हे सगळं बेलच्या भरवशावर आहे. पण कोलचा निबंध संस्थेच्या नियतकालिकात छापलेला आहे, आणि अवयव आपल्यासमोर आहेत. ते खरे की खोटे हे ठरवायला बेल लागत नाही, कोलही लागत नाही.

मघाशी लिहून घेतलेली संख्या काढा. पहिला अवयव १९३७०७७२१. अंकांची बेरीज करा: ३७. पुन्हा करा: १०. पुन्हा: १. दुसरा अवयव ७६१८३८२५७२८७. बेरीज ६४, मग १०, मग १. एक गुणिले एक, एक. आता मूळ एकवीस अंकी संख्या. अंकांची बेरीज १०९, मग १०, मग १. जुळलं. ही जुनी नवाची पडताळणी. जुळली म्हणून उत्तर बरोबरच असं नाही, पण चूक असेल तर बहुधा पकडली जाते. पूर्ण खात्री हवी असेल तर गुणाकारच करा. पहिल्या अवयवात एक शून्य आहे, म्हणजे आठच ओळी आणि एक बेरीज. चौथीतलं पोर करील.

अवयव शोधायला तीन वर्षांचे रविवार, आणि पडताळायला चौथीतलं पोर. ल्यूकाच्या 'नाही' साठी ल्यूकावर विश्वास ठेवावा लागत होता. कोलच्या 'नाही' साठी कुणावरही ठेवावा लागत नाही.

कोलनं हे केलं कसं? सगळ्या रांगेला भागत बसला नाही. वर्गसंख्यांना आपल्या मोठ्या संख्येनं भागलं, की कधी कधी लहान बाकी उरते. अशी प्रत्येक लहान बाकी अवयवांवर एक नवी अट घालते, आणि प्रत्येक अटीनं उरलेल्यांपैकी साधारण निम्मे उमेदवार बाद होतात. अशा अटींवर अटी चढवत त्यानं रांग आवळत आणली.

मर्सेनच्या यादीचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. ६१ त्याच्या यादीत नव्हता; ती संख्या मूळ असल्याचं १८८३ मध्ये पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूनं दाखवलं. ८९ आणि १०७ ही राहिले होते. ते १९११ आणि १९१४ मध्ये पॉवर्स या हौशी अमेरिकी गणित्यानं मिळवले. आणि २५७ ची संख्या मूळ नाही, असं पुढे लेहमरनं दाखवलं. १९४७ पर्यंत सगळी यादी तपासून झाली. एकूण पाच चुका. काहींचा तर्क आहे, की ६७ म्हणजे ६१ च्या जागी पडलेली छापखान्याची चूक असावी. असेलही. तरी ८९, १०७ आणि २५७ उरतातच.

चिठ्ठी आली आहे

मगाशी एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. "हे सगळं ठीक, पण याचा व्यवहारात उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे, आणि जुनाही आहे. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं ऑयलरच्या मूळ संख्येतून निघणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल लिहिलं, की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडायची नाही, कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, त्यामुळं पुढे कुणी प्रयत्नच करणार नाही. परिपूर्ण संख्यांच्या उपयोगाबद्दल बार्लो फारसा चुकला नाही. प्रयत्न करणाऱ्यांबद्दल मात्र चुकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली अशी मूळ संख्या चार कोटी दहा लाख अंकांहून मोठी आहे. ती संगणकांनी शोधली, पण परीक्षा त्या ल्यूकाच्याच घराण्यातली.

उपयोग निघाला तो वेगळ्याच ठिकाणी. शोधायला अवघड, पडताळायला सोपं, ही जी कोलच्या फळ्यावरची तफावत, तिचं १९७७ मध्ये कुलूप झालं. एमआयटीमधल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी असं सुचवलं: दोन मोठ्या मूळ संख्या घ्या, त्यांचा गुणाकार करा, आणि तो गुणाकार खुशाल जगजाहीर करा. त्या गुणाकारानं कुणीही तुम्हाला संदेश कुलूपबंद करून पाठवू शकेल. उघडायचा असेल तर दोन अवयव माहीत पाहिजेत, आणि ते फक्त तुमच्याकडं आहेत. हीच आरएसए पद्धत. बँकेचं संकेतस्थळ उघडताना पत्त्याशेजारी जे कुलूप दिसतं, त्यामागं अनेक ठिकाणी आजही ही कल्पना उभी आहे.

पण मूळ संख्या आणायच्या कुठून? इथं ल्यूकाचा धडा कामाला येतो. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे अवयव न पाडता, झटपट ठरवता येतं. म्हणून कुलूप बनवणं सोपं. २००२ साली ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं, की कुठल्याही संख्येसाठी हे ठरवायची वेगवान आणि हमखास रीत आहे. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवीधर झालेले. जगभर त्याची बातमी झाली. तेव्हा अनेकांना वाटलं, की आता बँकांची कुलुपं उघडली. तसं झालं नाही. कारण ती रीतही तेवढंच सांगते: मोडते, किंवा मोडत नाही. कुठं मोडते, ते सांगत नाही.

आपण कशावर विश्वास ठेवतो?

आता शेवटाकडं येतो. आरएसएच्या तिघांनी १९७७ मध्ये १२९ अंकी एक गुणाकार आव्हान म्हणून जाहीर केला. 'सायंटिफिक अमेरिकन' मध्ये छापलेला अंदाज असा होता, की अवयव पाडायला चार कोटी अब्ज वर्षं लागतील. भास्कराचार्यांच्या भाषेत चार मध्य वर्षं. १९९४ मध्ये, सतरा वर्षांतच, जगभरच्या सुमारे सहाशे लोकांनी आपापले संगणक जोडून ते पाडले. २०२० मध्ये २५० अंकी संख्या पडली. आज वापरातल्या गुणाकारांना बहुधा ६१७ अंक असतात. ते अजून कुणी फोडलेले नाहीत.

पण मंडळी, अवयव पाडणं अवघडच आहे, हे आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. आपण ते मानतो, कारण हुशार लोकांनी पुष्कळ वर्षं प्रयत्न केला आणि त्यांना जमलं नाही. १९९४ मध्येच पीटर शोर या गणितज्ञानं दाखवलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर हे काम वेगानं होईल. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०२४ मध्ये वेगळ्या गणितावरच्या नव्या कुलुपांची मानकं जाहीर केली. कुलूप तुटण्याआधी बदलायची तयारी चालू आहे.

म्हणजे १६४४ मध्ये लोक एका यादीवर विश्वास ठेवत होते, कारण ती खोटी ठरवायला कुणाला जमत नव्हतं. आपणही आपल्या कुलुपांवर त्याच कारणानं विश्वास ठेवतो. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की आपल्याला हे माहीत आहे. आपण ते मान्य करतो, आव्हानं जाहीर करतो, आणि दुसरं कुलूप तयार ठेवतो.

कोलच्या नावानं अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी आज बीजगणित आणि संख्याशास्त्रासाठी पारितोषिक देते. २०११ मध्ये ते चंद्रशेखर खरे यांना, विंटेनबर्जर यांच्यासोबत, मिळालं. खरे हे मुंबईचे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षं काम केलेले. त्यांचं काम फार वेगळं आणि फार खोल आहे, त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावं.

मर्सेन ६७ चे अवयव आज तुमच्या खिशातला फोन डोळ्याची पापणी लवायच्या आत काढतो. पण तिची एक धाकटी बहीण अजून बाकी आहे. २ चा १२७७ वा घात वजा १. ३८५ अंक आहेत. ती संयुक्त आहे हे पक्कं ठाऊक आहे, परीक्षेत ती नापास झाली आहे. पण तिचा एकही अवयव आजवर सापडलेला नाही. कोलच्या आधी मर्सेन ६७ जिथं होती, नेमकी तिथं ती आज उभी आहे. ज्या दिवशी तिचा अवयव सापडेल, त्या दिवशी तो खरा की खोटा हे विचारायला कुणाकडं जावं लागणार नाही. भागाकार करा आणि बघा.